नोव्हगोरोद : महालांपलीकडचा रशिया

रशियाला जाणाऱ्या मराठी पर्यटकाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. मॉस्कोत लाल चौक, क्रेमलिन आणि भुयारी रेल्वेची सजवलेली स्थानके. सेंट पीटर्सबर्गमध्ये हर्मिटाज, पीटरहॉफची कारंजी, नेवा नदीतली बोटीची फेरी. आणि एखाद्या संध्याकाळी सर्कस किंवा बॅले. आठ दिवस भरून जातात, पैसे वसूल झाल्याचे समाधानही मिळते. या कार्यक्रमाला नावे ठेवायची नाहीत, कारण त्यातले प्रत्येक ठिकाण पाहण्याजोगे आहे. पण यादी नीट पाहिली तर तिच्यातले जवळजवळ सगळे काही सत्तेने आपला दिमाख दाखवण्यासाठी उभारलेले आहे, मग ती सत्ता झारची असो की सोव्हिएत पक्षाची. त्यातून रशियाचे राज्यकर्ते कळतात. तिथली माणसे कशी जगत होती, कशावरून भांडत होती, मुलांना काय शिकवत होती, हे कळत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, या आठ दिवसांतले दोन पूर्ण दिवस पीटर्सबर्गपासून सुमारे १९० किलोमीटरवर असलेल्या वेलिकी नोव्हगोरोद या जुन्या शहरासाठी काढावेत. हे शहर पीटर्सबर्गहून देखणे आहे, असा माझा दावा नाही. सामान्य माणसाचे मध्ययुगीन आयुष्य इतके जवळून दाखवणारे दुसरे शहर रशियात नाही आणि ते पायी फिरून दोन दिवसांत समजू शकते, एवढाच दावा आहे.

व्होल्खोव्ह नदी इल्मेन सरोवरातून निघून उत्तरेला लाडोगा सरोवराकडे जाते. ती इल्मेनमधून बाहेर पडते तिथून जवळच, दोन्ही काठांवर हे शहर वसले आहे. जुन्या बखरींनुसार नोव्हगोरोदचा पहिला उल्लेख ८५९ सालचा. पीटर्सबर्गची स्थापना त्यानंतर आठशेहून अधिक वर्षांनी, १७०३ मध्ये झाली. बाल्टिक समुद्राकडून दक्षिणेला काळ्या समुद्राकडे जाणारा जलमार्ग इथून जात असे. त्यामुळे फर, मेण, मीठ, चांदी आणि कापड यांचा मोठा व्यापार या गावात चाले. गोटलंड बेटावरचे आणि जर्मन हान्सा संघाचे व्यापारी स्वतःच्या वखारी उघडून इथे राहत. ११३६ मध्ये नोव्हगोरोदकरांनी आपल्या राजपुत्राला हाकलून दिले आणि त्यानंतर राजपुत्र म्हणजे कराराने बोलावलेला सेनापती अशीच त्याची पायरी झाली. त्याने करार मोडला तर त्याला वाट दाखवली जाई. शहराच्या कारभाऱ्याची निवड ‘वेचे’ नावाची नागरिकांची सभा करी आणि ती सभा बोलावण्यासाठी घंटा वाजे. आर्चबिशपसुद्धा तीन नावांतून चिठ्ठी काढून ठरवण्याची प्रथा पडली. याला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे चूक ठरेल. बोयार म्हणवणाऱ्या मोजक्या जमीनदार घराण्यांच्या हातात खरी सूत्रे होती. तरीही मॉस्कोच्या एकछत्री राज्याशी ताडून पाहिले तर रशियाच्या इतिहासात दुसरी वाटही होती, हे इथे उमगते. ती वाट १४७८ मध्ये बंद झाली. मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने शहर ताब्यात घेतले आणि सभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली. नोव्हगोरोदची ही अखेरची धडपड चालू होती त्याच सुमारास मॉस्कोच्या वायव्येकडील त्वेर गावचा अफानासी निकितिन हा व्यापारी समुद्रमार्गे आपल्या चौल बंदरात उतरून जुन्नर आणि बीदरकडे गेला होता. त्या काळातला रशियन व्यापारी किती दूरवर पोहोचत होता, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

माझ्या आग्रहाचे मुख्य कारण मात्र जमिनीखाली आहे. नोव्हगोरोदची माती चिकण आणि कायम पाणी धरून ठेवणारी आहे. त्यामुळे खोलवर हवा पोहोचत नाही आणि हवा नाही म्हणून लाकूड, चामडे, झाडाची साल असे एरवी कुजून जाणारे सारे टिकून राहते. गावातले रस्ते चिखलामुळे लाकडी ओंडक्यांनी फरसबंद केलेले असत. काही वर्षांत ते खचले की वर नवे ओंडके घालत. नेरेव्हस्की भागातल्या उत्खननात एकावर एक असे २८ रस्ते सापडले. त्यातला सर्वांत खालचा ९५३ सालचा आणि वरचा १४६२ चा. लाकडातल्या वार्षिक वर्तुळांवरून ही वर्षे काढता आली. या रस्त्यांमुळे मातीच्या प्रत्येक थराला तारीख मिळाली. अशाच एका रस्त्याच्या ओंडक्यांच्या फटीत २६ जुलै १९५१ रोजी नीना अकूलोवा या खोदकाम करणाऱ्या महिलेला बर्च झाडाच्या सालीची एक गुंडाळी मिळाली आणि तिच्यावर अक्षरे दिसली. पुरातत्त्वज्ञ आर्त्सिखोव्स्की यांची मोहीम १९३२ पासून इथे खणत होती. पण त्या दिवसानंतर तिचे रूपच पालटले. आजवर एकट्या नोव्हगोरोदमध्ये अशी अकराशेहून अधिक पत्रे सापडली आहेत. ती ११ व्या ते १५ व्या शतकांतली आहेत.

आपल्याकडे भूर्जपत्र म्हटले की काश्मीरमधली संस्कृत हस्तलिखिते डोळ्यांपुढे येतात. तिथे साल हा ग्रंथ लिहिण्याचा पवित्र कागद होता आणि लेखन शाईने होई. नोव्हगोरोदमध्ये तीच साल रोजच्या निरोपाची चिठ्ठी होती. लोखंडाच्या किंवा हाडाच्या टोकदार काडीने आतल्या मऊ बाजूवर अक्षरे कोरायची, गुंडाळी करायची, कोणाच्या तरी हाती पाठवायची, वाचून झाली की फेकून द्यायची. त्यामुळे या पत्रांत जे आहे ते इतिहासासाठी मुद्दाम लिहिलेले नाही. कोणाकडून किती येणे आहे याचे हिशेब आहेत. कुरणातले कापलेले गवत दुसऱ्या गावच्या लोकांनी हिसकावल्याची एका नवऱ्याने बायकोला दिलेली खबर आहे. गोस्त्याता या व्यक्तीने वसील नावाच्या माणसाकडे केलेली तक्रार आहे : नवऱ्याने घराबाहेर काढले, दुसरी केली, स्त्रीधनही परत दिले नाही. मिकिता नावाच्या तरुणाने उल्याना नावाच्या मुलीला घातलेली लग्नाची मागणी आहे. तिच्यात साक्षीदाराचेही नाव आहे. ११ व्या शतकाच्या अखेरीचे, एका स्त्रीने आपल्याकडे न फिरकणाऱ्या पुरुषाला लिहिलेले पत्र आहे. ते मिळाले तेव्हा फाडून गाठ मारलेल्या अवस्थेत होते. फिनिश भाषाकुळातल्या बोलीत लिहिलेला एक मंत्रही आहे. त्या भाषाकुळातले इतके जुने लेखन दुसरे ज्ञात नाही. या सगळ्यांत १३ व्या शतकातला ओन्फीम हा मुलगा रशियात सर्वांच्या ओळखीचा आहे. सहा-सात वर्षांचा असावा. भूर्जाच्या मोडक्या डब्याच्या तळावर त्याने मुळाक्षरे आणि बाराखडीसारखी अक्षरे गिरवली. मग कंटाळून घोडेस्वार काढला, त्याच्या भाल्याखाली पडलेला शत्रू काढला आणि शेजारी स्वतःचे नाव लिहिले. त्याच्या माणसांच्या हातांना बोटे कधी तीन, कधी पाच असतात.

मध्ययुगीन रशियात लिहिणे-वाचणे पाद्री आणि दरबारी लेखनिक यांच्यापुरतेच होते, असा समज विद्वानांतही रूढ होता. या चिठ्ठ्यांनी तो मोडला. त्यांचे स्पेलिंग चुकलेले आहे असे आधी वाटत होते. भाषाशास्त्रज्ञ आंद्रेई झालिझ्न्याक यांनी दाखवून दिले की ते लेखन आपल्या नियमांनी चालते आणि त्यामागे नोव्हगोरोदची स्वतंत्र, जुनी बोली आहे. त्या वर्षीच्या उत्खननात मिळालेल्या पत्रांवर ते दर शरद ऋतूत मॉस्को विद्यापीठात व्याख्यान देत आणि सभागृहात उभे राहायला जागा मिळत नसे. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. उत्खनन अजून चालू आहे. क्रेमलिनच्या जवळच त्रोइत्स्की नावाची जागा १९७३ पासून खणली जात आहे आणि उन्हाळ्यात तिथले काम पाहता येते. प्रेक्षणीय स्थळ म्हणून याला फारसे कोणी मोजत नाही, पण इतिहास हाताने बाहेर काढला जाताना पाहण्याची अशी संधी फार थोड्या शहरांत मिळते.

पहिला आक्षेप इथेच येतो. संग्रहालयातली खरी भूर्जपत्रे लहान, तपकिरी आणि सुरकुतलेली आहेत. हर्मिटाजमधल्या रेम्ब्रांटपुढे त्यांचे काय? आक्षेप बरोबर आहे. तयारी न करता आलेला प्रवासी त्या काचेच्या पेट्यांपुढून पाच मिनिटांत निघून जाईल. पण हर्मिटाजचा अनुभवही प्रत्यक्षात कसा असतो? लाखोंच्या संग्रहातून दोन-तीन तासांत मार्गदर्शकामागून धावायचे आणि संध्याकाळी कोणते चित्र कोणत्या दालनात होते हे आठवू नये. थोड्या दिवसांच्या सहलीत मोठ्या शहराचे तुकडेच हाती लागतात. नोव्हगोरोदची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आहे आणि जुना भाग नदीच्या दोन काठांवर समोरासमोर असून मध्ये फक्त एक पादचारी पूल आहे. जाण्यापूर्वी पाच-दहा पत्रांची भाषांतरे वाचून गेलात, तर त्या सालीवरचे ओरखडे माणसांचे आवाज होतात आणि मग बाहेरचे शहरही वेगळे दिसू लागते.

बाहेरचे शहर म्हणजे आधी क्रेमलिन. मॉस्कोचे क्रेमलिन जगाला माहीत आहे, पण क्रेमलिन म्हणजे बालेकिल्ला आणि तो अनेक रशियन शहरांना असतो. इथल्या लाल विटांच्या भिंती १५ व्या शतकाच्या अखेरच्या आहेत. आत जायला तिकीट लागत नाही. गावातले लोक कामावरून घरी जाताना त्यातून चालत जातात. आतले सेंट सोफिया कॅथेड्रल १०४५ ते १०५० या काळात बांधले गेले. आजच्या रशियाच्या हद्दीत उभ्या असलेल्या दगडी चर्चमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. पांढऱ्या, जाड, जवळजवळ अनलंकृत भिंती आणि मधला एकच सोनेरी घुमट, असे त्याचे रूप आहे. पश्चिमेकडच्या दारावर थांबावे. ब्राँझची ही दारे १२ व्या शतकात जर्मनीतल्या माग्देबुर्ग इथे घडवली गेली; त्यांवर बायबलमधले प्रसंग आहेत आणि लॅटिन मजकुराशेजारी रशियन मजकूरही कोरला आहे. खालच्या भागात ओतारी कारागिरांनी हत्यारे हातात घेतलेल्या स्वतःच्या आकृती बसवल्या आहेत. घुमटावरच्या क्रुसावर धातूचे कबुतर आहे. मूळ क्रूस दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश सैनिकांनी नेला होता. तो माद्रिदहून २००४ मध्ये परत आला.

कॅथेड्रलसमोर १८६२ मध्ये उभारलेले ‘रशियाची सहस्राब्दी’ हे शिल्पकार मिकेशिनचे प्रचंड स्मारक आहे. त्यावर शंभराहून अधिक ऐतिहासिक व्यक्ती आहेत, पण चौथा इव्हान, म्हणजे ‘भयंकर’ इव्हान, त्यांत नाही. १५७० मध्ये त्याच्या फौजेने या शहरात कत्तल केली होती आणि तीन शतकांनंतरही त्याला इथे जागा मिळाली नाही. मॉस्कोला विरोध करणारी मार्फा बोरेत्स्काया मात्र आहे आणि तिच्या पायाशी सभेची फुटकी घंटा आहे. झारशाहीने उभारलेल्या स्मारकात हे घडावे, याचे मला विशेष वाटते.

पूल ओलांडला की व्यापाऱ्यांची बाजू. १२ व्या शतकापासून व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी, गल्लीतल्या रहिवाशांनी वर्गणी काढून बांधलेली छोटी चर्चे इथे ओळीने उभी आहेत. इल्यीना रस्त्यावरच्या तारणहाराच्या चर्चमध्ये (१३७४) ग्रीक चित्रकार थिओफेनीस याने १३७८ मध्ये काढलेली भित्तिचित्रे आहेत. त्याची म्हणून निश्चित सांगता येतील अशी भित्तिचित्रे दुसरीकडे कुठेच उरलेली नाहीत. विटकरी-तपकिरी रंग आणि त्यावर विजेसारखे पांढरे फटकारे. ओलसर हवेने चित्रे बिघडतात म्हणून पावसाळी दिवशी दार बंदही ठेवतात. त्यामुळे ऊन दिसले की आधी इथेच यावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हे जुने शहर खरे जुने आहेच कुठे? ऑगस्ट १९४१ पासून २० जानेवारी १९४४ पर्यंत नोव्हगोरोद जर्मनांच्या ताब्यात होते आणि आघाडी शहराला लागूनच होती. शहर सुटले तेव्हा सुमारे अडीच हजार घरांपैकी चाळीसच्या आसपास उभी होती. सहस्राब्दी स्मारक जर्मनीला नेण्यासाठी तुकडे करून ठेवलेले होते. त्याच्या आकृती बर्फात विखुरलेल्या सापडल्या. म्हणजे आजचे बरेचसे नोव्हगोरोद पुन्हा बांधलेले आहे, हे नाकारता येत नाही. पण पुन्हा बांधणे दोन प्रकारचे असते. एकात झालेली हानी लपवून पर्यटकाला चकचकीत जुनेपणा विकतात. दुसऱ्यात हानी दिसू देतात. नेरेदित्सा टेकडीवरचे ११९८ चे चर्च तोफांनी उद्ध्वस्त झाले. सुदैवाने विसाव्या शतकाच्या आरंभी पोक्रिश्किन या वास्तुविशारदाने त्याची मोजमापे घेऊन ठेवली होती, त्यांच्या आधारे ते उभे केले. आत पूर्वी सगळ्या भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या. आता थोडीच चित्रे शिल्लक आहेत, बाकी भिंती मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत. वोलोतोवो इथले १४ व्या शतकातले चर्च म्हणजे नुसता ढिगारा होता. त्यातून भित्तिचित्रांचे सुमारे सतरा लाख तुकडे गोळा झाले, कित्येक नखाएवढे. चर्चची इमारत २००३ मध्ये जर्मन अर्थसाहाय्याने पुरी झाली आणि तुकडे जुळवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालेल असे आहे. जिथे तुकडा मिळाला नाही तिथे जागा रिकामी सोडतात, नवा रंग भरत नाहीत. याला नकली म्हणायला माझे मन तयार नाही. पूर्वी गल्लीतल्या माणसांनी बांधलेली चर्चे पुढे नावही माहीत नसलेल्या माणसांनी चिमट्याने वेचून परत जुळवली, हा त्याच शहराच्या इतिहासाचा पुढचा भाग आहे आणि तो तसाच पाहायला हवा.

आता करमणूक. रात्रभर गजबजणारे रस्ते हवे असतील तर पीटर्सबर्गच बरे. नोव्हगोरोदमध्ये संध्याकाळी नऊनंतर नदीकाठी फिरणारे लोक तेवढे दिसतात. जूनमध्ये मात्र हे फिरणेच मोठे सुख आहे, कारण त्या दिवसांत रात्र पुरती काळोखी होत नाही. क्रेमलिनच्या भिंतीखाली वाळूचा काठ आहे, तिथे लोक उन्हात पडतात, पोहतात. धक्क्यावरून इल्मेनकडे बोटी जातात. पण इथली खास करमणूक संगीताची आहे. उत्खननात गूसली या तंतुवाद्याचे ११ व्या शतकातले अवशेष मिळाले आणि त्यावर ‘स्लोविशा’ असे, बहुधा मालकाचे, नाव कोरलेले होते. व्लादिमीर पोवेत्किन यांनी आयुष्यभर अशा मोडक्या वाद्यांची दुरुस्ती केली, त्यांच्या प्रतिकृती बनवल्या आणि त्या वाजवण्याची रीत शोधून काढली. इल्यीना रस्त्यावर त्यांच्या नावाचे प्राचीन वाद्यसंगीताचे केंद्र आहे. पेटीतली गूसली संग्रहालयात पाहून तिचा आवाज इथे ऐकता येतो. क्रेमलिनच्या आतच आरेन्स्कीच्या नावाचे संगीतगृह आहे. तो संगीतकार याच गावात १८६१ मध्ये जन्मला. रखमानिनोव्हचे बालपण याच प्रांतात गेले आणि सेंट सोफियाच्या घंटांचा नाद त्याच्या संगीतात उतरला. रिम्स्की-कोर्साकोव्हचा १८९८ मध्ये रंगभूमीवर आलेला ‘सादको’ हा ऑपेरा नोव्हगोरोदच्या लोककथेतल्या गूसलीवादक व्यापाऱ्यावर आहे आणि त्यात बाजाराच्या प्रसंगात एक भारतीय व्यापारी आपल्या देशाचे वर्णन गाऊन करतो. ते गाणे रशियात घरोघरी माहीत आहे. जाण्याआधी ऐकून जावे.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेर थोड्याच अंतरावर असलेले वितोस्लाव्लित्सी पाहावे. प्रांतातल्या गावोगावची लाकडी घरे, चर्चे आणि पवनचक्क्या १९६४ पासून इथे आणून उभ्या केल्या आहेत. काही चर्चे १६ व्या शतकातली आहेत. घरांच्या आत चूल, माग, पाळणा जागच्या जागी आहेत आणि सणावारी तिथे लोकगीते आणि हस्तकलांचे मेळे भरतात. मुले बरोबर असतील तर त्यांना संपूर्ण सहलीत हीच जागा आवडेल. शेजारीच युरिएव मठ आहे.

व्यवहाराची बाजूही सांगायला हवी. पीटर्सबर्गहून ‘लास्तोच्का’ रेल्वेने सुमारे तीन तास लागतात, मॉस्कोहून रात्रीची गाडी आहे. व्होल्गाकाठचे निझ्नी नोव्हगोरोद हे वेगळे आणि बरेच मोठे शहर आहे. तिकीट काढताना गल्लत होऊ देऊ नये. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. पण २०२२ पासून परदेशी बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे रशियात चालत नाहीत, रोख रक्कम न्यावी लागते. शाकाहारी माणसाची अगदीच आबाळ होत नाही : राई पाव, मशरूम, बटाट्याचे वारेनिकी, बकव्हीटचा भात, ब्लिनी मिळतात. बोर्श्च सूपमध्ये मात्र बहुधा गोमांसाचे पाणी असते, म्हणून विचारून घ्यावे. ‘पोस्तनोये’ म्हणजे उपासाचे, असे पदार्थ मागितले तर त्यांत मांस, अंडे आणि दूध नसते.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. फेब्रुवारी २०२२ पासून रशियाने युक्रेनवर युद्ध लादलेले असताना तिथे सहलीला जावे का? हा प्रश्न मला फेटाळता येत नाही. अडीच वर्षांच्या युद्धाने नोव्हगोरोदचे काय झाले हे ज्याने पाहिले, त्याला आज युक्रेनमध्ये कोसळणाऱ्या घरांकडे आणि चर्चांकडे पाठ फिरवता येणार नाही. युद्ध चालू असेपर्यंत जाणार नाही असे कोणी ठरवले, तर ते मी योग्यच मानीन. जो जाणार आहे त्याने भारत सरकारच्या प्रवाससूचना पाहूनच निघावे. आणि जो जात नाही त्याच्यासाठीही भूर्जपत्रांची छायाचित्रे, रेखाटने आणि वाचन इंटरनेटवर सर्वांना खुले आहे. ओन्फीमचा घोडेस्वार तिथे आजच पाहता येईल.

जाणाऱ्यांना एकच विनंती. सहल कंपन्या पीटर्सबर्गहून सकाळी निघून संध्याकाळी परतणारी नोव्हगोरोदची फेरी देतात, ती घेऊ नका. तिच्यात क्रेमलिन आणि कॅथेड्रल घाईघाईने उरकते. भूर्जपत्रे, इल्यीना रस्ता आणि गूसली राहून जातात. हर्मिटाजचा दुसरा दिवस सोडा, एक कारंजे कमी पाहा, पण नोव्हगोरोदमध्ये निदान एक रात्र मुक्काम करा.